गावचा केर कोणी उचलायचा?



या व्यासपीठावरून वसंताच्या दिवसांत आपण संतांविषयी ऐकता, राजकारणाविषयी ऐकता, कधी नाटकाविषयीही ऐकता. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'केर' असे सांगितले आणि त्यांना थोडे हसू आले. त्यांचा दोष नाही. केर हा उंबऱ्याबाहेर लोटून विसरण्याचा विषय, अशीच आपणां सर्वांची समजूत आहे. मी काही पंडित नव्हे. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढे जे शिकलो ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर. गेली तीसएक वर्षे सफाई कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहे. तेव्हा हा इतिहास मी झाडू धरणाऱ्या हाताच्या बाजूने सांगणार, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांपूर्वी २ ऑक्टोबरच्या दिवशी मी एका गावी होतो. गावाचे नाव सांगत नाही. तसली गावे पुष्कळ आहेत. स्वच्छतेची मोहीम होती. नवे कोरे झाडू आणले होते, टोप्या होत्या, फोटो काढणारा होता. तासाभरात चावडीपासून देवळापर्यंतचा रस्ता लख्ख झाला आणि कडेला केराचे सात-आठ ढीग लागले. मंडळी चहाला गेली. ढीग तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी ते उचलायला आली ग्रामपंचायतीची झाडूवाली मावशी. तिला चार महिने पगार मिळालेला नव्हता. 'वसुली झाली की देऊ' असे तिला सांगितले जात होते. ती मला म्हणाली, "भाऊ, झाडायला समदा गाव आला होता. उचलायला मी एकटीच का?"

मावशीच्या या प्रश्नातच माझा सगळा विषय आला. झाडणे निराळे आणि उचलणे निराळे. झाडण्यासाठी आपल्या मुलखात थोर माणसांनी चळवळी केल्या, अभियाने झाली, बक्षिसे लागली. उचलण्याचे काय? ते काम कोणाचे, कोणत्या मजुरीवर, आणि उचललेले नेऊन टाकायचे कोठे? शंभर वर्षांचा इतिहास चाळला, तर जेथे या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तेथे गाव स्वच्छ राहिले, आणि जेथे मिळाली नाहीत तेथे नेता निघून गेला की केर परत आला, असेच दिसते.

आता थोडे मागे जाऊ. आज ज्याला आपण कचरा म्हणतो तो जुन्या गावात फार थोडा होता. शेण, राख, धाटे, चुलीपुढचा केर हे सारे उकिरड्यात पडे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गाडीत भरून शेतात जाई. चिंधी गोधडीत जाई. फुटके भांडे तांबटाकडे जाई. उकिरडा ही कुणब्याची एक ठेवच होती; त्यावरून भावाभावांत भांडणे होत. पण म्हणून जुने गाव स्वच्छ होते, असे कोणी समजू नये. जे शेताच्या कामाचे नव्हते, ज्याला हात लावायची किळस येई, ते सारे गावाने एका जातीच्या डोक्यावर ठेवले होते. मेलेले ढोर ओढून नेणे, चावडी झाडणे, सरकारी अंमलदाराच्या मुक्कामाची जागा साफ करणे ही कामे महार वतनाला चिकटलेली होती. त्यांचा मोबदला म्हणजे तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. मजुरीचा दर नाही, कामाचे तास नाहीत, आणि 'नाही' म्हणण्याची सोय नाही. कामगार चळवळीच्या भाषेत याला वेठ म्हणतात.

ही वेठ मोडण्याचा पहिला मोठा पुकारा १९२७ साली महाडला झाला. मेलेली जनावरे ओढण्याची, त्यांचे मांस खाण्याची चाल टाकून द्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना बजावले. दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा राहिला तोही त्यांच्याच पुढाकाराने. या तीन गोष्टी मी एकत्र सांगतो याला कारण आहे. अपमानाचे काम सोडणे, कामाचा सक्तीचा संबंध कायद्याने तोडणे, आणि जे काम करावयाचे ते कामगार म्हणून संघटित होऊन योग्य वेतनावर करणे, असा हा सरळ क्रम आहे. सफाईच्या प्रश्नाची ही कामगाराच्या बाजूने झालेली मांडणी होय. गावोगाव तिला उत्तर काय मिळाले? पुष्कळ ठिकाणी बहिष्कार. मेलेले ढोर वेशीबाहेर कुजत पडले तरी चालेल, पण ते वाहून नेण्यासाठी गाडी व मजूर लावायचा विचार गावाच्या मनात आला नाही.

याच काळात दुसरी एक धारा वर्ध्याच्या परिसरात सुरू झाली. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि १९३५ साली वर्ध्याजवळच्या सिंदी गावात महादेवभाई देसाई, मीराबेन आदी मंडळी सफाईसाठी जाऊ लागली. शिकलीसवरलेली माणसे बादल्या-फावडी घेऊन लोकांची घाण उचलतात, हे त्या गावाने कधी पाहिले नव्हते. परंतु बहुतेक गाव बघ्याचेच काम करीत राहिले. पुढे १९४६ ते १९४८ या काळात विनोबाजी पवनारहून रोज सुरगावला सफाईसाठी जात. एकदा वाटेतल्या नाल्याला पूर आला, तेव्हा त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितले की, गावचा भंगी येऊन गेला असे देवळातल्या देवाला कळव. एवढा त्यांचा नेम कडक होता. पण १९४८ मध्ये गांधीजी गेले, देशाच्या फाळणीची कामे पुढे आली आणि विनोबांना सुरगाव सोडावे लागले. एका माणसाच्या नेमावर उभे राहिलेले काम त्या माणसाच्या पावलांबरोबर गेले.

या थोर पुरुषांविषयी मला आदरच आहे. ज्या हाताला समाज विटाळ मानीत होता त्या हाताचे काम त्यांनी आपल्या हाती घेतले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु बाबासाहेबांचा आक्षेपही आपण ऐकला पाहिजे. १९४५ साली काँग्रेस व गांधीजींवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या कामाच्या गौरवावर कठोर टीका केली. ज्याला ते काम सोडण्याची मुभा आहे त्याने ते पवित्र म्हणणे सोपे आहे. ज्याला जन्माने ते चिकटले आहे त्याला त्या पावित्र्याचा उपयोग काय? तीस वर्षे हजेरीपट पाहिलेला माणूस म्हणून मला बाबासाहेबांचे म्हणणे पटते. आमच्या कामगाराला नमस्कार पुष्कळ मिळाले. बूट मिळायला मात्र अर्ज करावे लागले.

या दोन धारांच्या मधे उभा असलेला एक कोकणी माणूस आपण जवळजवळ विसरलो आहोत. अप्पासाहेब पटवर्धन हे त्यांचे नाव. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, मला भंगीकाम करू द्या, एवढ्याच मागणीसाठी त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्याला गांधीजींनीही त्यांना साथ दिली. पण अप्पा तेथेच थांबले नाहीत. १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढून ते सोप्या संडासाच्या, खताच्या आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या खटपटीला लागले. नुसती मने बदलून भागणार नाही, कामाची रीतच बदलली पाहिजे, म्हणजे घाण हाताने उचलावी लागणार नाही आणि तिच्यापासून पैसाही मिळेल, अशी त्यांची दृष्टी होती. हीच दृष्टी पुढे देहूला दिसते. तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९५९ साली आलेले डॉ. मापुसकर गावाबरोबर वर्षानुवर्षे राहिले आणि त्यांनी संडासांची व गॅसची व्यवस्था उभी केली.

विदर्भात गाडगेबाबांचे काम चालले होते ते तर आपणां सर्वांस ठाऊकच आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा परिटाचा मुलगा हातात खराटा घेऊन गावात शिरे, दिवसभर रस्ते झाडी आणि रात्री कीर्तनात गावालाच प्रश्न विचारी. बाबांची थोरवी त्या प्रश्नांत होती. ते गावाला उत्तर द्यायला भाग पाडीत. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत गावसफाईला गावाच्या कारभारात जागा दिली. १९५६ च्या डिसेंबरात गाडगेबाबा गेले, आणि त्याच महिन्यात बाबासाहेबही गेले. झाडण्याचा धडा देणारा आणि उचलण्याचा हिशेब मागणारा, असे दोघेही महाराष्ट्राने एकाच महिन्यात गमावले.

आता मी ज्या वर्षाकडे आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो ते वर्ष १९५८ होय. त्या वर्षी मुंबई राज्याच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. एकाने जुन्या मुंबई इलाख्यातली कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी केली. १९२८ साली मागितलेले ३० वर्षांनी पदरात पडले. दुसरा ग्रामपंचायतींचा. याच कायद्याने रस्ते, गटारे, सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवणे ही पंचायतीच्या कामांच्या यादीत घातली, आणि केर काढून नेण्यासाठी उपकर बसविण्याचा अधिकार पंचायतीला दिला. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर 'आरोग्य कर' असा रकाना असतो, तो याच अधिकारातला. १९५९ च्या कायद्यांच्या क्रमांकात वतनाचा कायदा पहिला आहे, पंचायतीचा तिसरा. म्हणजे एका हाताने सरकारने वेठ उठविली आणि दुसऱ्या हाताने तेच काम पगारी नोकराकडून करून घेण्याची सोय केली. कागदावर साखळी पुरी झाली होती. परंतु गावाने वेठ उठल्याचे तेवढे ऐकले. पगाराचे ऐकले नाही. पंचायतीने झाडूवाला ठेवला तरी तो त्याच वस्तीतला, अर्ध्या वेळाचा, वसुलीवर पगार अवलंबून असलेला. वतन गेले, पण वतनाची सावली हजेरीपटावर राहिली.

पुढची चाळीस वर्षे गावाचे फारसे अडले नाही, कारण उकिरडा अजून काम करीत होता. केरापासून खत करण्याचे शास्त्र आपल्याच मुलखाच्या शेजारी वाढले होते. इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह खताची पद्धत बसविली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांनी १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी काढली. तिच्यात थोड्या शेणावर पुष्कळसा पालापाचोळा तीन-चार महिन्यांत कुजतो. अशी कला ज्या समाजाजवळ आहे त्याला केराची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

भीती आली ती प्लास्टिकमुळे. तेलाची, शांपूची, गुटख्याची पुडी वाडीवस्तीवर पोहोचली, आणि उकिरडा बिघडला. खतातून पिशव्या शेतात गेल्या, नांगराच्या फाळाला गुंडाळल्या. गाई त्या खाऊ लागल्या. गटारे तुंबू लागली. लोकांनी ढीग पेटवायला सुरुवात केली, तेव्हा तो धूर चुलीच्या धुरापेक्षा वाईट निघाला. आता गावाला प्रथमच असा केर मिळाला की जो कोणत्याही जातीने उचलला तरी गावात जिरत नव्हता. तो गावाबाहेर नेणे भाग होते, आणि त्यासाठी गाडी, माणूस, शेड व विकत घेणारा हवा होता.

सरकारने काय केले? २००० सालचे घनकचऱ्याचे नियम नावाप्रमाणेच नगरपालिकांपुरते होते. खेडे त्यांत नव्हते. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्याचे श्रेय मी नाकारणार नाही. लोकवर्गणी व श्रमदान यांच्या बळावर गावांनी गटारे बांधली, भिंती रंगविल्या. कधी एकत्र न बसलेली माणसे बैठकीला बसली. परंतु स्पर्धेला तारीख असते आणि केराला तारीख नसते. तपासणी समिती येऊन गेल्यावर पुष्कळ ठिकाणी खराटे खुंटीला लागले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी मात्र ग्रामपंचायतीवर कचरा वेगळा करण्याची, गोळा करण्याची व वाहून नेण्याची जबाबदारी स्पष्ट टाकली. २०२० मध्ये मंजूर झालेल्या ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत, आणि प्लास्टिकच्या केंद्रासाठी दर तालुका गटास १६ लाखांपर्यंत रकमेची तरतूद झाली.

हा हिशेब जरा कामगाराच्या पाटीवर मांडून पाहा. ३,००० वस्तीच्या गावाला ६० रुपयांप्रमाणे १,८०,००० रुपये होतात. एवढ्यात घंटागाडी येईल, खताच्या टाक्या होतील. पण ही रक्कम उभारणीची, एकदाच मिळणारी. घंटागाडी ओढणाऱ्या माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून कितीएक गावांत गाडी पंचायतीच्या आवारात गंजत उभी असते. तिच्यावर योजनेचे नाव रंगविलेले असते. पण ती ओढायला माणूस नसतो. याच गावात समजा ६०० घरे आहेत आणि दर घराने रोजचा एक रुपया दिला, तर महिन्याचे १८,००० रुपये होतात. तेवढ्यावर सारे भागेल असे मी म्हणत नाही. पण पगाराचा पाया तेथे आहे.

पुणे शहरात हे घडलेले आपण पाहिले आहे. १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ पासून त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा नेण्यास सुरुवात केली. घराने शुल्क द्यायचे, बाईने केर न्यायचा आणि निघालेले भंगार तिचे. तेथे उचलणारी स्वतः बोलणी करायला बसली. खेड्यात भंगार थोडे निघते, भंगारवाला लांब असतो, म्हणून ही व्यवस्था जशीच्या तशी उचलता येत नाही; पण उचलणाराला विचारल्याशिवाय व्यवस्था टिकत नाही, हा धडा खेड्यालाही लागू आहे.

आता मावशीच्या गावाची हकीकत पुरी करतो. तिच्या थकलेल्या पगाराचा अर्ज मी लिहिला, पण नुसत्या अर्जाने काही व्हायचे नव्हते. आम्ही प्रथम बचतगटाच्या बायांकडे गेलो. नळाजवळची घाण आणि जळत्या पिशव्यांचा धूर यांचा त्रास त्यांनाच होत होता. २६ जानेवारीची ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला बाया आल्या, आणि त्यांनी चारच गोष्टी मागितल्या. आरोग्य कराची वसुली किती व खर्च किती ते फळ्यावर लिहा. घंटागाडीचा दिवस व वेळ ठरवा. दोन माणसे हजेरीपटावर घ्या, त्यांना बूट, हातमोजे व साप्ताहिक सुट्टी द्या. आणि केर टाकण्याची जागा सभेत ठरवा.

पहिल्या तीन मागण्यांना कुरकुर झाली. तंटा झाला तो चौथीवर. पंचायतीने काढलेली जागा बौद्धवाड्याला लागून होती. 'पूर्वीपासून तिकडेच टाकतात' हे त्याचे समर्थन. त्या सभेत मावशी उठून उभी राहिली. ती एवढेच म्हणाली, "उचलते मी, अन् परत माझ्याच दारात टाकू व्हय?" सभेत कोणी उत्तर दिले नाही. दोन महिने गेले, आणखी एक सभा झाली, तेव्हा जागा गायरानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. थकलेला पगार दोन हप्त्यांत मिळाला. हजेरीपटावर दुसरा माणूस आला तो दुसऱ्या समाजातला तरुण होता. भावकीने त्याला इतके टोचले की तिसऱ्या महिन्यात तो काम सोडून गेला. त्याची जागा पुन्हा त्याच वाड्यातल्या माणसाने भरली. तेव्हा या हकीकतीला मी विजय म्हणत नाही. गाडी चालू राहिली, मजुरी मिळू लागली, बूट आले. पण केर कोणी उचलायचा, या प्रश्नाला गावाने दिलेले उत्तर अजून अर्धे जुनेच आहे.

बंधुभगिनींनो, ज्या पूर्वजांची नावे मी घेतली त्यांनी आपापला वाटा उचलला. गाडगेबाबांनी गावाला प्रश्न विचारले, अप्पांनी रीत बदलली, बाबासाहेबांनी वेठ मोडली. आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने साधे आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे गावी घर असेल. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरपट्टीची पावती काढून आरोग्य कराचा आकडा पाहा, आणि ग्रामसभेत उभे राहून विचारा की हा पैसा कोणाच्या पगारात गेला. झाडू हाती घ्यायचा असेल तर अवश्य घ्या. पण ढीग लागल्यावर चहाला जाण्यापूर्वी, तो उचलणारीचा गेल्या महिन्याचा पगार झाला की नाही, एवढी चौकशी करून जा.